डार्टफोर्डची दुमजली लोकल: जागा वाढल्या, थांबे लांबले

लंडनच्या चेरिंग क्रॉस स्टेशनातून नोव्हेंबर १९४९ मध्ये एक हिरवी विजेची लोकल आग्नेयेकडच्या डार्टफोर्ड गावाकडे धावू लागली. डबे नेहमीसारखे आठ, गाडीची लांबीही नेहमीएवढीच, पण डब्याच्या अंगावर खिडक्यांच्या रांगा दोन. त्या मार्गावरच्या साध्या आठ डब्यांच्या गाडीत ७७२ जणांना बसायला मिळायचं. या नव्या गाडीत, दुमडत्या जागा धरून, १,१०४ जणांची सोय होती. फलाट एक फूटही न वाढवता, सिग्नलला हात न लावता एका फेरीत ३३२ जादा माणसं बसून घरी जाणार होती. कागदावर यापेक्षा चांगला सौदा कुठल्या रेल्वेला मिळाला असता, मला तरी सांगता येत नाही.

तरीही अशी दुसरी गाडी कधी बांधली गेली नाही. चार डब्यांचे दोन संच जोडून केलेली ही एकुलती एक गाडी १९७१ पर्यंत धावली आणि सेवेतून निघाली. ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवर तिच्यासारखी दुसरी आली नाही.

हे प्रकरण मला फार जवळचं वाटतं, कारण मुंबईत लोकलच्या गर्दीवर बोलताना ‘डबलडेकर लोकल का आणत नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न अजिबात वेडगळ नाही. लटकून जाणारी माणसं रोज पाहिल्यावर मनात तो यायलाच हवा. पण त्याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही, कारण लंडनने ते प्रत्यक्ष गाडी बांधून, माणसं बसवून पाहिलं होतं.

गर्दी कुठून आली

लंडनच्या आग्नेय भागात भुयारी रेल्वे जवळजवळ पोहोचलीच नाही. तिथल्या लोकांचा सगळा भार वरच्या उपनगरी गाड्यांवर. सदर्न रेल्वेने १९२६ मध्ये या मार्गांवर जमिनीलगतच्या तिसऱ्या, विजेच्या रुळातून वीज दिली. गाड्या जलद आणि नियमित झाल्या, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत सिडकप, बेक्सलीहीथ, वेलिंग अशा गावांभोवतीच्या शेतांवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. आधी गाडी आली, मग वस्ती, मग गर्दी. डोंबिवली-बदलापूर बघितलेल्या माणसाला हा क्रम वेगळा समजावून सांगायला नको.

डार्टफोर्डहून लंडनला यायला तीन वाटा होत्या: एक वुलिचवरून, एक बेक्सलीहीथवरून, एक सिडकपवरून. या तिन्ही वाटा आणि केंट परगण्यातून येणाऱ्या लांबच्या गाड्या शेवटी लंडन ब्रिजजवळ एकत्र येत. तिथून बरो मार्केट जंक्शनच्या चिंचोळ्या जागेतून काही गाड्या चेरिंग क्रॉसला आणि काही कॅनन स्ट्रीट स्टेशनाला वळत. सकाळी-संध्याकाळी त्या जंक्शनवरून एकामागोमाग एक गाड्या सुटत. मध्ये नवी गाडी घुसवायला फटच नव्हती. कर्जत आणि कसाऱ्याच्या गाड्या कल्याणला एकत्र आल्यावर जे होतं, तेच तिथे होत होतं.

गाड्या वाढवता येत नाहीत म्हटल्यावर गाडी लांब करणं हा सरळ उपाय. पण आठाचे दहा डबे करायचे तर डझनावारी स्टेशनांचे फलाट लांबवायचे, सिग्नल हलवायचे, कारशेडमधले रूळ वाढवायचे, वीजपुरवठाही वाढवायचा. महायुद्ध नुकतंच संपलेलं. पोलादाची टंचाई, पैशाची ओढाताण, आणि १ जानेवारी १९४८ ला सगळ्या रेल्वे सरकारच्या ताब्यात गेलेल्या. अशा वेळी जुन्याच फलाटावर जादा माणसं बसवून देणारी युक्ती कुणी पुढे केली, तर तिला नाही कोण म्हणणार?

ही युक्ती ऑलिव्हर बुलीड यांची. १९३७ पासून ते सदर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिकी अभियंता होते. रूढ चाकोरी मोडून इंजिनं आणि डबे बांधणारा माणूस, अशीच त्यांची ओळख होती.

दोन मजले नसलेला दुमजली डबा

बुलीड यांच्यापुढची पहिली अडचण उंचीची. ब्रिटनने रेल्वे सगळ्यांच्या आधी बांधली, त्यामुळे तिथले बोगदे आणि पूल त्या काळच्या छोट्या डब्यांच्या मापाचे राहिले. डब्याला जेमतेम तेरा फूट उंची मिळते. आपल्याकडचे वातानुकूलित डबलडेकर डबे चौदा फुटांच्या वर जातात, आणि तरीही आत उंच माणसाला मान सांभाळावी लागते. तेरा फुटांतून चाकं आणि जमिनीचा सांगाडा वजा केला, तर उरलेल्या जागेत माणसं उभी राहू शकतील असे दोन मजले बसतच नाहीत.

त्यांनी मग मजले एकावर एक रचलेच नाहीत, एकमेकांत गुंफले. त्या काळच्या ब्रिटिश लोकलचा डबा छोट्या कप्प्यांचा असे: समोरासमोर दोन बाकं, दोन्ही बाजूंना स्वतंत्र दार. शेजारच्या दोन कप्प्यांची बाकं पाठीला पाठ लावून असत. बुलीड यांनी या पाठी एकमेकींपासून थोड्या दूर केल्या आणि मधल्या खोलगट जागेत वरच्या कप्प्यातल्या माणसांचे पाय सोडले. खाली बसलेल्याचं डोकं आणि वर बसलेल्याची पावलं साधारण एका पातळीवर, मध्ये फक्त एक भिंत. वर जायला खालच्या कप्प्यातूनच दोन-चार पायऱ्या. म्हणजे वर एक, खाली एक असे कप्पे आलटून पालटून, करवतीच्या दात्यांसारखे. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड रेल्वेने १९३२ पासून अशाच जातीचे डबे चालवले होते, पण तिथे उंचीचा जाच इतका नव्हता.

तेरा फुटांत हे साधणं ही कसबाची गोष्ट आहे, आणि ते मला मनापासून सांगायचं आहे. फसलेला प्रयोग म्हटला की तो करणाऱ्याला आपण चटकन मूर्ख ठरवतो. बुलीड यांचा डबा मूर्खपणाचा नव्हता. त्यांना विचारलेला प्रश्न होता ‘जादा माणसं बसवायची कुठे?’ आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी चोख दिलं होतं.

वरच्या कप्प्याची मात्र पहिल्यापासून आबाळ झाली. तिथली खिडकी छताच्या गोलाईबरोबर आत झुकलेली. ती उघडली तर पुलाच्या किंवा बोगद्याच्या कडेला कुणाचा हात-डोकं लागायचा धोका, म्हणून ती कायमची बंद. हवा यंत्राने आत ढकलायची सोय केली होती, ती पुरी पडत नसे. धूम्रपानाचा तो जमाना. छताला डोकं टेकेल अशा बंद खोलीत दहा-अकरा माणसं, कोट अंगावर, छत्र्या ओल्या, त्यांतले चौघे-पाचजण सिगारेट ओढतायत. साध्या डब्यात जागा मिळत असेल तर वर कोण चढणार?

दाराशी काय झालं

कोंदट हवेने माणसं नाराज झाली, पण गाडीचा निकाल लागला तो दारात.

साध्या गाडीचं खरं बळ तिच्या दारांत होतं. दिसायला जुनाट, हाताने ओढून आपटायची दारं, पण प्रत्येक कप्प्याला आपलं वेगळं. एका दारामागे दहा-बारा माणसं. आठ डब्यांच्या गाडीची एका बाजूची सगळी दारं एकदम उघडली की फलाटाच्या लांबीभर माणसं सांडायची आणि काही सेकंदांत डबा रिकामा. दुमजली गाडीत दारं वाढली नाहीत. प्रत्येक दारामागे मात्र आता खालचे अकरा आणि वरचे अकरा, अशी बावीस माणसं आली.

हिशोबासाठी धरू या की एका माणसाला दारातून बाहेर पडायला दीड सेकंद लागतो. अकराजण साडेसोळा सेकंदांत उतरतात, बावीसजण तेहतीस सेकंदांत. पण हा हिशोबही उदार आहे, कारण वरची माणसं खालच्यांसारखी उतरत नाहीत. खालचा प्रवासी स्टेशन दिसताच उठतो, दाराच्या कडीवर हात ठेवून तयार असतो. वरच्याला आधी अरुंद पायऱ्या उतरायच्या, पाठमोरं किंवा तिरकं होऊन, हातात बॅग. आणि पायऱ्यांच्या तळाशी कोण? खालच्या बाकांच्या गुडघ्यांमध्ये उभी राहिलेली माणसं. त्यांना उतरायचं नसलं तरी आधी त्यांनी खाली उतरून वाट द्यायची, मग वरच्यांनी उतरायचं, मग त्यांनी परत चढायचं. फलाटावर चढणारे तोवर दाराला चिकटलेले. त्यांतल्या एखाद्याला खाली जागा दिसली नाही की तो पायरीवर एक पाय ठेवून वर डोकावणार, आणि त्याच्यामागे सगळी रांग अडून राहणार.

सिडकपमार्गे चेरिंग क्रॉस ते डार्टफोर्ड वाटेत डझनभर स्टेशनं. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा सेकंद जादा गेले तरी शेवटी गाडी दोन-तीन मिनिटं मागे पडते. एकटी गाडी मागे पडली असती तर गोष्ट वेगळी. पण तिच्या मागे लगेच दुसरी गाडी लाल सिग्नलला, तिच्या मागे तिसरी, आणि बरो मार्केट जंक्शनवर तर चुकलेल्या वेळेची परतफेड करायला जागाच नाही. तासाभरात त्या जंक्शनवरून जाणारी एक गाडी जरी या लांबलेल्या थांब्यांमुळे कमी झाली, तर दुमजली गाड्यांनी मिळवलेल्या जागांतल्या शेकडो जागा तिथेच गेल्या.

उपनगरी मार्गाची ताकद ‘एका गाडीत किती’ या आकड्यात मावत नाही. ‘तासाला किती’ हा खरा आकडा. आणि तासाचा आकडा ठरतो गर्दीच्या स्टेशनावर गाडी किती सेकंद उभी राहते त्यावर. बाकं वाढवली आणि दारं वाढवली नाहीत, तर माणसं गाडीत मावतात पण वेळेत उतरत नाहीत.

निर्णय

सदर्न विभागाने (सरकारच्या ताब्यात गेल्यावर सदर्न रेल्वेचं हेच नाव झालं) जो खर्च टाळायचा म्हणून हा प्रयोग केला होता, तोच खर्च शेवटी करायचं ठरवलं. १९५० च्या दशकात फलाट लांबले, सिग्नल हलले, आणि चार-चार डब्यांच्या दोन संचांना दोन डब्यांचा तिसरा संच जोडून दहा डब्यांच्या गाड्या धावू लागल्या. आधीच्या गाडीत डब्यामागे सरासरी ९६ जागा होत्या, त्या हिशोबाने दहा डब्यांत साडेनऊशेच्या पुढे माणसं बसतात. दुमजली गाडीपेक्षा दीडशेएक कमी. पण दारंही त्याच प्रमाणात वाढली, थांबा पहिल्याएवढाच राहिला, आणि कुणाला डोकं वाकवून बसावं लागलं नाही.

या निर्णयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे प्रयोगाचं माप. आठ डबे बांधले, खऱ्या प्रवाशांनिशी खऱ्या गर्दीत चालवले, काय होतं ते पाहिलं आणि थांबले. शंभर डब्यांची ऑर्डर आधी देऊन मग पस्तावले नाहीत. आणि बांधलेली गाडी चालण्याजोगी होती म्हणून ती फेकूनही दिली नाही. पुढे वीस-बावीस वर्षं ती त्याच मार्गावर माणसं वाहत राहिली.

मग पॅरिसला कसं जमतं?

पॅरिसच्या ‘आरईआर ए’ या उपनगरी मार्गावरची गाडी आज संपूर्ण दुमजली आहे, आणि रोज दहा लाखांवर माणसं नेते. शहराच्या पोटातला तिचा बोगदा १९६० आणि १९७० च्या दशकांत बांधला, तोच मोठ्या गाड्यांच्या मापाचा. १९९७ मध्ये तिथे पहिल्या दुमजली गाड्या आल्या, २०११ च्या अखेरीस त्यांची पुढची पिढी, आणि २०१७ पर्यंत एकमजली गाड्या निघून गेल्या. एका पूर्ण गाडीत उभे-बसलेले मिळून सुमारे २,६०० जण मावतात.

तिथे डब्याची आखणी दारापासून सुरू झाली. दर डब्याला एका बाजूला तीन रुंद दारं, दारापाशी फलाटाच्या पातळीवर मोकळा चौक, आणि चौकातून वर-खाली जाणारे वेगळे जिने. वरचा मजला आणि खालचा मजला एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. बुलीड यांच्या डब्यात नेमका हा चौक नव्हता, आणि तेरा फुटांच्या उंचीत तो करायलाही जागा नव्हती.

सिडनी हे मधलं उदाहरण. तिथे १९६४ पासून दुमजली डबे आले आणि पुढे उपनगरी गाड्या सगळ्याच दुमजली झाल्या. उंची मुबलक, बसायला ऐसपैस जागा, लोकांना त्या गाड्या प्रिय. पण डब्याला एका बाजूला दोनच दारं, त्यामुळे शहराच्या मध्यभागातल्या स्टेशनांवर थांबा लांबतो. सिडनीने २०१९ मध्ये नवी मेट्रो सुरू केली तेव्हा ती मुद्दाम एकमजली घेतली, डब्याला एका बाजूला तीन दारं ठेवून. दुमजली गाड्या पन्नासहून जास्त वर्षं चालवलेल्या शहराने हे ठरवलं, म्हणून मी त्याला फार वजन देतो.

आपल्याकडे

भारतात दुमजली डब्यांनी चांगली चाकरी केली आहे, पण लांबच्या गाड्यांत. मुंबई-सुरत फ्लाइंग राणीला डिसेंबर १९७९ मध्ये दुमजली डबे लागले आणि जुलै २०२३ पर्यंत राहिले. खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून पालघरचा फलाट पाहिलेल्यांना आठवत असेल: नजर बरोबर फलाटाच्या पातळीला. माणसं दिसायचीच नाहीत, दिसायच्या त्या चपला, साडीचे काठ, चाकाची बॅग आणि चहावाल्याच्या किटलीचा तळ. मला तो मजला वरच्यापेक्षा जास्त आवडायचा. चेहरा न बघता नुसत्या चालीवरून, उतरणारा पासवाला कोण आणि पाहुणा कोण हे ओळखता यायचं.

कपुरथळ्याच्या कारखान्याने २०१० मध्ये वातानुकूलित दुमजली डबा बांधला. साध्या वातानुकूलित चेअर कारच्या ७८ जागांच्या जागी १२० च्या आसपास जागा. २०११ मध्ये हावडा-धनबाद गाडी निघाली, मग इतर मार्गांवर, आणि डिसेंबर २०१५ मध्ये लोकमान्य टिळक टर्मिनस ते मडगाव. या मार्गावर २०१४ च्या गणपतीत अशीच गाडी मागणीप्रमाणे चढणाऱ्या भाड्याने सोडली होती, तिला प्रतिसाद फार थंडा मिळाला. कोकणात जाणाऱ्या माणसाजवळ गणपतीत मखर, पिशव्या, ट्रंका असतात, आणि या डब्यात सामानाला जागा कमी. भाडं आणि सामान ही दोन्ही कारणं माझ्या मते खरी आहेत. पण एक गोष्ट लक्षात घ्या: या गाड्यांना थांब्याची अडचण नडली असं झालं नाही. रत्नागिरीला गाडी चार-पाच मिनिटं उभी राहिली तर कुणाचं बिघडत नाही. एकदा बसलेला माणूस तासन् तास उठत नाही. तिथे दारांपेक्षा जागांना खरंच महत्त्व आहे.

मुंबई लोकलचं तसं नाही. दादरला गाडी अर्धा मिनिट थांबते आणि तेवढ्यात शेकडो माणसं उतरून शेकडो चढतात. दाराशी उतरणाऱ्यांची रांग माटुंग्यापासून लागलेली असते. ‘दादर उतरणार का?’ हे विचारत विचारत माणूस पुढे सरकतो. त्या रांगेच्या मध्ये एक जिना आणून ठेवा आणि डोळ्यांपुढे चित्र उभं करा. शिवाय वर पंचवीस हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर. डार्टफोर्डला वीज जमिनीलगतच्या रुळातून यायची, त्यामुळे वरची सगळी उंची डब्याला मिळाली, आणि तरीही ती पुरली नाही.

पॅरिससारखा चौक असलेला, तीन-चार रुंद दारांचा दुमजली डबा मुंबईत चालेल का, हा प्रश्न मी निकालात काढत नाही. आपले डबे पॅरिसपेक्षा रुंद आहेत, ही मोठी जमेची बाजू. पण चौक आणि जिने यांनी डब्याचा मोठा भाग खाल्ला की जादा जागा फार उरत नाहीत. आणि मुंबईत गाडीची क्षमता बसणाऱ्यांवर नाही, उभ्या राहणाऱ्यांवर उभी आहे. उभ्या माणसाला पूर्ण उंचीचा मजला लागतो. दुमजली डब्यात वाया जाते ती नेमकी तीच जागा. असा प्रस्ताव कुणी मांडला तर मी पहिला आकडा जागांचा विचारणार नाही. दर दारामागे किती माणसं आणि दादरला किती सेकंद, एवढंच विचारेन.

मुंबईने आतापर्यंत घेतलेली वाट डार्टफोर्डसारखीच आहे. नवाचे बारा डबे, मग २००९ पासून पश्चिम मार्गावर आणि २०१२ पासून मध्य मार्गावर पंधरा डब्यांच्या काही गाड्या. बाराचे पंधरा केले की जागा पाव पटीने वाढतात आणि दारंही पाव पटीने. काम वेळखाऊ आहे, फलाट लांबवायला जागा मिळत नाही, कुठे पूल आडवा येतो, कुठे सिग्नलचं खोकं.

डार्टफोर्डच्या मार्गावरही हे काम व्हायला बरीच वर्षं लागली. ते पूर्ण झाल्यावरही ती दुमजली गाडी आपल्या फेऱ्या करत राहिली, आणि १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली. तिचे दोन डबे जतन केलेले आहेत. तिच्या जागी फलाटावर लागली ती दहा डब्यांची, साधी, कप्प्याकप्प्याला दार असलेली गाडी.